टूरिंगला हेल्मेट गदागदा हलतं, घरी आल्यावर कानात रातकिडे... स्क्रीन बदलू की हेल्मेट?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितो.

कराडला राहतो. ४०० सीसीची टूरर बाईक आहे, अडीच वर्षं झाली, २६ हजार किमी. उंची ५ फूट ११. कंपनीची स्क्रीन, म्हणजे पुढची वारा अडवणारी काच, छोटी होती, वारा सरळ छातीवर यायचा, कोल्हापूरपर्यंत जाऊन आलं तरी खांदे भरून यायचे, म्हणून गेल्या वर्षी बाहेरून उंच टूरिंग स्क्रीन घेऊन बसवली, साडेचार हजार गेले. छातीवरचा वारा गेला हे खरं, पण आता ८५ च्या पुढे गेलं की हेल्मेट गदागदा हलायला लागतं, म्हणजे कुणीतरी मागे बसून दोन्ही हातांनी डोकं धरून खुळखुळ्यासारखं हलवतंय असं. ९५ ला पुढच्या ट्रकचा नंबर वाचता येत नाही, अक्षरं दोन-दोन दिसतात. आवाज तर इतका की इंजिनाचं काय चाललंय ते फक्त हँडलच्या थरथरीवरून कळतं.

मागच्या महिन्यात बायकोला घेऊन हंपीला जाऊन आलो. येताना गदगपासून समोरून वारा, हुबळी ते बेळगाव तर डोकं पुढे वाकवूनच चालवली. रात्री ९ ला घरी पोचलो, हेल्मेट काढलं तरी डोक्यात तोच सूंऽऽ आवाज. त्यात लाईट गेलेली, पंखा बंद, घर शांत, आणि माझ्या कानात रातकिडे ओरडतायत, पहाटेपर्यंत झोप नाही. सकाळी माझी ६ वर्षांची मुलगी कानाशी येऊन काहीतरी गुपित सांगत होती, तिचा श्वास कानाला लागत होता पण शब्द एक कळला नाही. दोन दिवसांनी सगळं नॉर्मल झालं पण मी मनापासून घाबरलोय. वय ३८.

हेल्मेट ड्युअल स्पोर्टचं, वर पीक (टोपीसारखं पुढे आलेलं छज्जं) आहे, ३ वर्षं जुनं.

आता प्रश्न. अजून उंच स्क्रीन मिळते, ती घेऊ का, की स्क्रीनवर क्लिपने लावायचा तो छोटा स्पॉयलर घेऊ? की स्क्रीन राहू दे आणि हेल्मेटच बदलू? आणि इअरप्लग घातले तर मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल का, बायकोला तीच भीती आहे. बजेट ८-१० हजार. दिवाळीनंतर कन्याकुमारी ठरलंय, त्याआधी हे मिटवायचंय.

भटकभैरव
पहिलं काम, स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि ते पीक काढून ठेवा. ८० च्या पुढे ते शिडासारखं काम करतं, वारा पकडतं आणि मान मागे ओढतं. बाजूने वारा आला किंवा मान वळवून मागे बघितलं की अजून वाईट. बऱ्याच हेल्मेटला पीक काढल्यावर भोकं बुजवायला छोट्या टोप्या येतात, बॉक्समध्ये असतील बघा. पैसे शून्य. बाकी अनुभवी लोक सांगतीलच.

जुना_पाना
कृष्णाकाठ, प्रश्न व्यवस्थित मांडलात म्हणून सविस्तर लिहितो. मी २२ वर्षं लांबचं चालवतोय आणि या एका गोष्टीवर माझे स्वतःचे बरेच पैसे चुकीच्या जागी गेलेत, तुमचे जाऊ नयेत असं वाटतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, वारा लागणं वेगळं आणि बफेटिंग वेगळं. स्वच्छ सरळ वारा कितीही लागला तरी तो एका दिशेने ढकलतो, मान त्याला टेकून राहते, आवाजही एकसारखा असतो. डोकं हलतं, म्हणजे बफेटिंग होतं, ते फाटलेल्या वाऱ्याने. स्क्रीनच्या वरच्या काठावरून हवा सुटते, काठाच्या मागे, म्हणजे तुमच्या आणि स्क्रीनच्या मधल्या जागेत, दाब कमी असतो, म्हणून ती हवा आत वळायला बघते आणि तिचे भोवरे होतात. नदीत पुलाच्या खांबाच्या मागे पाणी गोल गोल फिरतं ना, तुम्ही कृष्णेच्या काठचेच आहात, बघितलं असेल, तेच. त्या भोवऱ्यात तुमचं हेल्मेट आलं की ते सेकंदाला कित्येकदा इकडून तिकडे ढकललं जातं. छोटी स्क्रीन होती तेव्हा भोवरे तुमच्या छातीवर फुटत होते आणि डोकं वर स्वच्छ वाऱ्यात होतं. उंच स्क्रीन लावल्यावर तुम्ही ते भोवरे उचलून बरोबर हनुवटीवर आणून ठेवले. अजून उंच घेतलीत तर कदाचित डोक्यावरून जातीलही, पण मग ५ फूट ११ च्या माणसाला स्क्रीनमधून आरपार बघत चालवावं लागेल, आणि रात्री पावसात ओल्या, ओरखडलेल्या स्क्रीनमधून समोरचे हेडलाईट बघणं म्हणजे जीवाशी खेळ आहे. नजर नेहमी काठाच्या वरून गेली पाहिजे, काठ साधारण नाकाच्या रेषेच्या खाली.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी हवा कुठून येते ते शोधा. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, ७०-७५ च्या वेगात, सरळ पट्ट्यावर. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) थोडं उभं रहा. डोकं वर गेल्यावर थडथड एकदम थांबली आणि आवाज एकसुरी झाला तर गुन्हेगार स्क्रीनचा काठ. मग उलटं करा, टाकीवर वाका, डोकं स्क्रीनच्या मागे न्या, तिथेही शांत झालं तर तेच पक्कं. नंतर डावा हात सोडून पंजा स्क्रीनच्या काठाच्या वर २-३ बोटं तिरका धरा, स्पॉयलर असावा तसा. त्याने फरक पडला तर क्लिपवाल्या स्पॉयलरचा उपयोग आहे, नाही पडला तर ते पैसे वाचले. त्यानंतर घरी येऊन स्क्रीन पूर्ण काढा आणि तोच पट्टा परत चालवा. हे फार कमी लोक करतात आणि यातूनच सगळ्यात जास्त कळतं. बऱ्याच जणांना स्क्रीनशिवाय डोकं शांत वाटतं, फक्त छाती थकते.

आता दुसरी बाजू, खालची हवा. लोक वरच्या काठाकडेच बघत बसतात. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) दोन्ही बाजूंनी, टाकी आणि हँडलच्या मधून हवा वर चढते आणि हनुवटीखाली, हेल्मेटच्या आत घुसते. टँकबॅग असेल तर ती लावून एक फेरी मारा, आवाज कमी झाला तर हवा खालूनच येतेय. तसं असेल तर फोर्कच्या बाजूला छोटे डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणारे तुकडे, लावले की वरच्या स्क्रीनला हातही लावावा लागत नाही.

डिफ्लेक्टर पण आधी विकत नका घेऊ. फ्लेक्सवाल्याकडे सनपॅक शीट मिळते, जाहिरातीच्या पाट्यांना वापरतात ती, ५०-६० रुपयांत तुकडा देतो. कटरने कापायची, केबल टायने बांधायची, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे अडकत नाही ना ते जागेवरच तपासायचं, मगच रस्त्यावर न्यायची. चालली तर त्याच मापाची पक्की करून घ्या.

आणि सगळ्यात स्वस्त इलाज, स्क्रीनच्या मागचा कमी झालेला दाब भरून काढणं. स्क्रीन आणि हेडलाईटच्या मधे खालच्या काठाला १०-१५ मिमी फट मिळाली की थोडी हवा मागून वर येते, पोकळी भरते आणि काठावरची हवा कमी वळते. त्यासाठी स्क्रीनच्या बोल्टखाली वायसर किंवा नायलॉनचे स्पेसर टाकायचे आणि त्या हिशोबाने लांब बोल्ट घ्यायचे. खालचे दोन जाड आणि वरचे दोन पातळ टाकलेत तर स्क्रीनचा कोनही बदलतो, तेही करून बघा. मात्र बोल्ट आवळताना रबरी बुश काढून टाकू नका आणि जोर लावू नका, भोकापाशीच तडे जातात. आणि पॉलीकार्बोनेटच्या स्क्रीनला पेट्रोलच्या फडक्याने कधीही पुसू नका, केसासारख्या बारीक भेगा पडतात. साबणाचं पाणी पुरतं.

एक शेवटचं, वाईट वाटून घेऊ नका. चौपदरी हायवेला दुचाकीची मर्यादा ८० आहे, २०१८ ची केंद्राची अधिसूचना आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९५ ला ८० पेक्षा ४० टक्के जास्त. कराड ते बेळगाव १८० किमीला ८० आणि ९५ मधे कागदावर वीसेक मिनिटांचा फरक पडतो, आणि सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमधे तोही उरत नाही.

सोलापुरी_वारा
जुना_पाना काका तुमचा आदर आहे पण मी सहमत नाही, मी पण बाहेरची उंच स्क्रीन लावली आणि माझं तर आयुष्य बदललं. सोलापूर हैदराबाद महिन्यातून दोनदा जातो, आधी संध्याकाळी मान दुखून गोळी घ्यावी लागायची आता काहीच नाही, डोक्यावरून वारा जातो, व्हायजर (हेल्मेटची पुढची काच) उघडा ठेवून पण चालवता येते. उगाच सगळ्यांना उंच स्क्रीन नको असं सांगू नका, ज्याला जमली त्याला जमली.

जुना_पाना
सोलापुरी, तुमची उंची किती?

सोलापुरी_वारा
५ फूट ५

जुना_पाना
मग तुमचं बरोबर आणि त्यांचंही बरोबर. तीच स्क्रीन तुमच्या डोक्यावरून हवा नेते आणि त्यांच्या हनुवटीवर सोडते. खरं तर उंचीपेक्षा बसल्यावर कमरेपासून डोक्यापर्यंत किती भरता ते महत्त्वाचं, दोन माणसं ५ फूट ९ ची असली तरी एकाचे पाय लांब असतात आणि एकाचं धड. सीट बदलली, ती दोन वर्षांत दबली, हँडल उंच करणारे रायझर लावले, तरी गणित बदलतं. म्हणून तर म्हणतो की दुसऱ्याचं बघून स्क्रीन घेऊ नका, स्वतः उभं राहून, वाकून, हात धरून बघा.

कान_नाक_घसा
मी पश्चिम महाराष्ट्रात ईएनटी प्रॅक्टिस करतो आणि स्वतः बाईक चालवतो. धागा वाचल्यावर राहवलं नाही. स्क्रीन, हेल्मेट हे सगळं सावकाश करा, पण कानाचं आजपासून करा.

कृष्णाकाठ, तुम्हाला जे झालं ती आवाजाने आलेली तात्पुरती बधिरता. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो, त्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, त्या आवाजाने थकतात. दीड-दोन दिवसांत बहुतेक सावरतात म्हणून माणसाला वाटतं की गेलं. पण दर वेळी सगळ्या सावरत नाहीत, आणि ज्या मेल्या त्या माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही.

आकडे सांगतो. १०० च्या वेगाला चांगल्या बंद हेल्मेटच्या आतसुद्धा ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज असतो आणि तो इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. साधारण ६५ च्या पुढे वाऱ्याचा आवाज बाकी सगळ्याला मागे टाकतो. म्हणजे सायलेन्सर शांत असला तर कान वाचतात हा गैरसमज आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. तुम्ही हंपीहून दिवसभर चालवत आलात.

पहिलं नुकसान ४००० हर्ट्झच्या आसपास होतं, ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, तिथे खड्डा दिसतो. रोजच्या बोलण्यात सुरुवातीला काही जाणवत नाही कारण स्वर ऐकू येतात, जातात ती स, श, फ, थ सारखी बारीक व्यंजनं. माणूस म्हणतो मला ऐकू येतं पण कळत नाही. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं, लग्नाच्या हॉलमधे शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. तुमच्या मुलीची कुजबुज न कळणं यात बसतं, कुजबुजीत बारीक व्यंजनंच असतात.

इअरप्लग घालाच. साधे फोमचे, औद्योगिक सुरक्षेच्या दुकानात मिळतात ते उत्तम. पाकिटावर ३३ ते ३७ डेसिबल असा आकडा असतो, तो प्रयोगशाळेतला, नीट घातले नाहीत तर त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. घालायची पद्धत अशी की स्वच्छ कोरड्या हाताने, चेनला ऑइल लावलेल्या हाताने नव्हे, प्लग बोटात वळून काडीसारखा बारीक करायचा, उजव्या कानाला डावा हात डोक्यावरून मागून नेऊन कान वर आणि थोडा मागे ओढायचा, त्याने आतली नळी सरळ होते, मग प्लग आत सरकवून बोटाने २०-३० सेकंद धरून ठेवायचा, तो आत फुगतो. समोरून आरशात बघितलं तर बाहेर डोकावता कामा नये. नीट बसला की स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. काढताना झटकन ओढू नका, हळू पिळून काढा, पडद्यावर ताण येतो. मळ साठलेला असेल तर आधी डॉक्टरकडून काढून घ्या, नाहीतर प्लगने तो आत ढकलला जातो.

वहिनींच्या शंकेबद्दल. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणतो, त्यामुळे वाऱ्याच्या तुलनेत हॉर्न तितकाच राहतो, उलट ९५-१०० डेसिबलच्या भडिमारात कानाची बारकावे ओळखायची ताकदच गेलेली असते ती परत येते. हायवेला प्लग घालून हॉर्न, इंजिन, अगदी चेनचा किरकिराट जास्त स्पष्ट कळतो असं बहुतेकांना जाणवतं. गावात, बाजारपेठेत हळू चालवताना मात्र काढून ठेवावेत असं माझं मत.

वारा ऐकू येऊ नये म्हणून आत ब्लूटूथवर गाणी मोठ्याने लावतात ते तर अजिबात नको, आगीवर तेल.

आणि एकदा ऑडिओमेट्री करून घ्या, आधीचे १४-१६ तास बाईक किंवा मोठा आवाज नको. दोन-तीन दिवसांत रातकिडे थांबले नाहीत, किंवा एकाच कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

कृष्णाकाठ
डॉक्टरसाहेब तुमचं लिहिलेलं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, ती म्हणाली आत्ताच्या आत्ता जाऊन प्लग आण. जुना_पाना काका, सनपॅकचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या गल्लीतच फ्लेक्सवाला आहे. रविवारी करतो सगळं आणि कळवतो.

वेणीवाली
हेल्मेटबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून लिहिते. पुण्यात राहते, ८ वर्षं टूरिंग करतेय.

दादा, ३ वर्षं जुनं हेल्मेट म्हणजे आतले गालाचे पॅड बसलेले असणार. तपासायला सोपं आहे, हेल्मेट घालून पट्टा लावा, हनुवटीकडचा भाग धरून डावीउजवीकडे हलवा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि गाल जागेवर राहिला तर ते सैल आहे, आणि सैल हेल्मेटला थोडासा भोवरा पण पुरतो. काही हेल्मेटला जाड गालाचे पॅड वेगळे मिळतात, पूर्ण हेल्मेट बदलायच्या आधी ते विचारा.

आवाज कुठून आत येतो ते शोधायला मी कागदी मास्किंग टेप वापरते. एकेक जागा बंद करायची आणि तोच ५ किमीचा पट्टा तोच वेग धरून जायचं. आधी वरचे व्हेंट (हवा आत येण्याची भोकं), मग हनुवटीचा व्हेंट, मग व्हायजरची कड. माझ्या आधीच्या हेल्मेटला व्हायजर डाव्या बाजूला केसभर उघडा राहायचा, तिथून शिट्टी यायची, बिजागरीचे स्क्रू सोडून व्हायजर मागे दाबून परत आवळला आणि शिट्टी गेली. टेप लावून फक्त टेस्ट करायची हो, व्हेंट कायम बंद ठेवून उन्हात चालवू नका.

पण सगळ्यात जास्त आवाज खालून, हनुवटी आणि मानेच्या पोकळीतून येतो. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या लोकांनी विंड टनेल आणि रस्ता दोन्हीकडे मोजून बघितलंय, त्यांनाही हनुवटीखालचा भागच महत्त्वाचा सापडला. त्यामुळे चिन कर्टन लावा, हनुवटीखाली बसणारा कापडी पडदा, काही हेल्मेटबरोबर येतो आणि लोक तो बॉक्समधेच विसरतात. नसेल तर मानेभोवती सुती रुमाल नीट गुंडाळून हेल्मेटची खालची फट भरून काढा, मी बंडाना आणि त्यावर जॅकेटची कॉलर बंद अशी करते. टोकं आत खोचा, फडफडणारं टोक म्हणजे कानाशी वाजणारा ताशा. जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे, हायड्रेशन बॅगची नळी, हेही फडफडत असेल तर बांधून टाका. आणि वेणी कायम जॅकेटच्या आत.

अजून एक. चाळकेवाडीच्या पठारावर किंवा गदगकडे पवनचक्क्या दिसल्या की समजायचं बाजूचा वारा येणार, तिथे हँडल घट्ट धरून लढू नका, गुडघे टाकीला लावा आणि हात सैल सोडा. आणि ट्रकच्या मागे ३०-४० फुटांवर चिकटून चाललं तर कुठलीही स्क्रीन, कुठलंही हेल्मेट काही करू शकत नाही, त्याच्या मागची हवा आधीच फाटलेली असते. एकतर नीट पुढे निघा नाहीतर चांगलं मागे रहा.

कृष्णाकाठ
दोन रविवार झाले, सांगायला आलोय.

पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला निघालो, तासवडे टोलनाक्याच्या पुढे उंब्रजपर्यंत रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळाला. उंच स्क्रीन तशीच ठेवून ७५ ला उभा राहिलो आणि खरं सांगतो अंगावर काटा आला, जणू कुणी बटण बंद केलं, थडथड गेली, नुसता वारा. खाली बसलो की परत सुरू. वाकलो, स्क्रीनमागे परत शांत. म्हणजे भोवरा बरोबर माझ्या नाकातोंडावर येत होता आणि त्यासाठी मी साडेचार हजार मोजले होते. पंजा धरून बघितला, थोडा फरक पडला पण हात सरकला की परत तेच, म्हणून स्पॉयलरचा विचार सोडला.

टेस्टला हेल्मेटवर लोकरीचे ४-४ इंचाचे दोरे पण चिकटवले होते, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेली लाल लोकर, आणि टाकीवर ॲक्शन कॅमेरा माझ्या तोंडाकडे करून बसवला होता. घरी व्हिडिओ हळू करून बघितला तर वरचे दोरे सरळ मागे झोपलेले, आणि हनुवटीकडचे दोरे वर खाली गोल फिरतायत, एक तर चक्क पुढे स्क्रीनकडे झुकत होता! म्हणजे तिथे हवा उलटी पुढे येत होती. काकांनी सांगितलेली पोकळी डोळ्यांनी बघितली.

मग उंच स्क्रीन काढली आणि कंपनीची छोटी परत लावली, खालच्या बोल्टांना १२ मिमीचे नायलॉन स्पेसर आणि वरच्यांना ५ मिमी, हार्डवेअरच्या दुकानात लांब बोल्टांसकट दीडशेच्या आत काम झालं. पीक काढलं, खरंच बॉक्समधे टोप्या होत्या. फोर्कच्या बाजूला सनपॅकचे त्रिकोणी तुकडे. चिन कर्टन मात्र सापडला नाही, बंडाना वापरतोय. ताईंची गालाची टेस्ट केली तर हेल्मेट मोकळं फिरतं, त्यामुळे हेल्मेट बदलणार हे नक्की, पण आता घाईने नाही, दुकानात अर्धा तास घालून बसून घेणार, आणि या वेळी पीक नसलेलं.

दुसऱ्या रविवारी हे सगळं करून, प्लग घालून, कोल्हापूरला जाऊन आलो. एकट्याने. ८० ला नंबरप्लेट स्वच्छ वाचता येते. छातीवर वारा आहे पण तो ढकलतो फक्त, हलवत नाही. प्लगमुळे सुरुवातीला डोकं पाण्याखाली असल्यासारखं वाटलं, पहिले १० किमी तर आरशात जरा जास्तच बघत होतो, मग कागलकडे जाणारी एसटी मागून हॉर्न देत आली ती नेहमीसारखी ऐकू आली आणि भीती गेली. घरी आल्यावर मुद्दाम पंखा बंद करून बसलो. काही नाही. शांत.

ऑडिओमेट्री केली. डाव्या कानाला ४००० ला थोडा खड्डा आहे. डॉक्टर म्हणाले आता जपलंत तर इथेच थांबेल.

राहिलेला प्रश्न, बायको. काल तिला घेऊन सातारा केलं तर ती म्हणाली माझं डोकं आधीपेक्षा जास्त हलतंय. तिला पण प्लग दिलेत, पण हलण्याचं काय?

वेणीवाली
साहजिक आहे दादा, मागची सीट उंच असते आणि आधी उंच स्क्रीनची हवा तिच्यापर्यंत पोचेपर्यंत वर गेलेली असायची, आता ती तुमच्या हेल्मेटच्या आणि खांद्यांच्या मागच्या भोवऱ्यात आहे. तिला सांगा थोडं पुढे, तुमच्या पाठीला चिकटून बसायला, मधे एक वीत अंतर असलं की तिथेच हवा फिरते. टॉपबॉक्सला पाठीचं पॅड लावून तिला पुढे ढकलता येईल, पण बॉक्स स्वतः मागे सरकवू नका आणि त्यात जड सामान भरू नका, मागच्या ॲक्सलच्या मागे वजन गेलं की हँडल हलकं होतं आणि गाडी नागमोडी डुलायला लागते, ते बफेटिंगपेक्षा वाईट. जड सामान खाली पॅनियरमधे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या बॅगांत). आणि तिच्या हेल्मेटला पण गालाची टेस्ट करा, मागे बसणाऱ्याला आपण नेहमी जुनं सैल हेल्मेट देतो.

कृष्णाकाठ
ताई, बरोबर पकडलंत, तिच्याकडे माझंच जुनं आहे, एक साईज मोठं. म्हणजे कन्याकुमारीच्या आधी दोन हेल्मेट घ्यायची आणि पहिलं तिचं.

जुना_पाना
पहिलं तिचं, उत्तम. आणि सनपॅकचे तुकडे उन्हावाऱ्यात फार टिकणार नाहीत, निघायच्या आधी त्याच मापाचे ३ मिमी पॉलीकार्बोनेटचे कापून घ्या, कडा पॉलिश पेपरने गोल करा. ॲक्रिलिक नको, फुटलं तर सुऱ्यासारखे तुकडे होतात. केबल टाय काळे घ्या, पांढरे उन्हाने लवकर तुटतात. चार जास्तीचे खिशात ठेवा.